चंद्रभागाबाईंचं नवं पात्र

१

पंगत उठली, हात धुऊन झाले, आणि तानाजी बिरादारांनी कपड्यांच्या खोलीतलं फडताळ उघडून पाहिलं तर मानचिन्ह जागेवर नव्हतं. त्यांनी खालचा कप्पा बघितला, वरचा बघितला, मग घाबरलेला माणूस करतो तसं पुन्हा पहिलाच कप्पा बघितला. नव्हतंच.

आता हे तानाजीराव म्हणजे हुलसूरचे बी-बियाणांचे व्यापारी, सीमाभाग नाट्य मंडळाचे कार्यवाह, आणि स्वभावानं असे की लग्नात वरण कमी पडलं तरी यांना दरदरून घाम. इथं तर चंद्रभागाबाईंच्या सत्काराचं मानचिन्ह गेलेलं. संध्याकाळी बीदरच्या या रंगमंदिरात सगळा सीमाभाग लोटणार होता. औराद, भालकी, बसवकल्याणहून जीपा भरून निघाल्या होत्या, गुलबर्ग्याचे समीक्षक सकाळच्या बसनं येऊन लॉजवर उतरले होते.

मानचिन्ह बिदरी कामाचं होतं. काळ्याभोर ताटावर चांदीच्या तारेनं चार चेहरे काढलेले: दाढीवाला राजा, डोईवर पदर घेतलेली आई, गालफुग्या विदूषक आणि दात पडलेला म्हातारा धनगर. चारही चेहरे एकाच बाईचे. कारागिरानं ते लाल फडक्यात बांधून सकाळी पोचवलं. कचेरीत आचाऱ्याचं सामान भरलेलं, म्हणून तानाजीरावांनी ते गाठोडं तसंच कपड्यांच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि निर्धास्त मनानं जेवायला बसले. भोवलं ते तिथंच.

बोंब मारण्याआधी त्यांनी एक शहाणपणा केला. ते श्रीपतरावांकडे गेले.

श्रीपतराव औरादचे, निवृत्त सर्कल इन्स्पेक्टर. मंडळात त्यांना काही पद नव्हतं. बाईंचा कार्यक्रम असला की हा माणूस सकाळपासून येऊन बसायचा, एवढंच. आमच्या ह्यांचं चंद्रभागाबाईंवर मन हाय, असं त्यांची बायको चारचौघांत थट्टेनं म्हणायची, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. तरुणपणी औरादच्या जत्रेत बंदोबस्ताला असताना त्यांनी बाईंचा म्हातारा धनगर पाहिला. मेलेल्या कुत्र्यापाशी बसून तो म्हातारा असा रडला की श्रीपतरावांचा बंदोबस्त जत्रेचा जत्रेत राहिला. नाटक संपल्यावर ते मागं गेले आणि म्हाताऱ्यापुढं आदरानं बिडी धरली. म्हातारा बाईच्या आवाजात म्हणाला, "अण्णा, मी वढत न्हाई." त्या दिवसापासून श्रीपतराव त्यांचे झाले ते झालेच.

आणि श्रीपतरावांचंच काय घेऊन बसलात? राज्याचा पुरस्कार बाईंना मिळाला, विभागाचं पदक दोनदा मिळालं. कन्नडचं एक अक्षर वाचता येत नसताना तालमीच्या मास्तरांच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांनी आख्खी कन्नड नाटकं पाठ केली आणि धारवाडात जाऊन टाळ्या घेतल्या. तिथल्या एका समीक्षकानं लिहिलं होतं की या बाईंचं काम बघायला जाल तर बाईंना शोधू नका, त्या सापडत नाहीत. हे वाक्य श्रीपतराव स्वतःच्या नावावर खपवायचे.

तर मानचिन्ह गेल्याचं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की जेवणाच्या वेळी आत कोण होतं. तानाजीरावांनी रंगमंदिराचा राखणदार हणमंतप्पा याला बोलावलं. तो दारातच स्टूल टाकून बसलेला असायचा आणि माशीसुद्धा त्याला सांगून आत जायची.

हणमंतप्पानं मान खाली घातली. सांगायला त्याला जड जात होतं.

"साहेब, एकच माणूस आत गेलं. कपड्यांच्या खोलीतनं लाल गाठोडं घेऊन बाहेर आलं ते बी मी बघितलो. आपली गंगव्वा."

२

गंगव्वाला सीमाभागात कोण ओळखत नव्हतं? आणि खरं सांगायचं तर, कोण ओळखत होतं? बाईंची वेणीफणी करणारी, लुगडी नेसवणारी, दाढीमिशा चिकटवणारी बाई. तीस वर्षं बाईंच्या मागं सावलीसारखी. रस्त्यानं बाई पुढं, गंगव्वा दोन पावलं मागं, कडेवर गाठोडं. लहानपणी पाय मोडलेला, तो नीट बसला नाही, त्यामुळं एक पाय ओढत चालायची. बाईंना हार पडायचे तेव्हा ते हार सांभाळायचं काम तिचं.

तानाजीरावांचा सगळा हिशेब जुळला. हणमंतप्पानं डोळ्यांनी बघितलेलं, आणखी काय पाहिजे? त्यांनी खिशातला नवा मोबाईल काढून हातात धरला. सत्काराच्या आत वस्तू मिळाली नाही तर ठाण्यातून जीप बोलावतो, मग होईल ते होईल, असं त्यांनी सांगून टाकलं. मंडळाच्या अब्रूचा प्रश्न आहे म्हणाले.

"आणि तिच्या अब्रूचा?" श्रीपतरावांनी विचारलं.

जीप म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. जन्मभर त्यांनी तीच जीप चालवली होती. एकदा का भरल्या गर्दीतून बाईमाणसाला जीपमध्ये चढवलं, की पुढं ती निर्दोष सुटली काय नि न सुटली काय, गाव तिला जीपमध्ये चढतानाच आठवतं. त्यांनी तानाजीरावांकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. जीप संध्याकाळच्या घंटेपर्यंत यायची नाही. आणि बाईंच्या कानावर यातलं अक्षर जायचं नाही. दुसरी गोष्ट तानाजीरावांना आधीच मान्य होती. रंगाची पेटी पुजून झाली, नारळ फुटला, की बाई पडदा पडेपर्यंत कुणाचं बरंवाईट ऐकत नाहीत, हा त्यांचा रिवाज सगळ्यांना माहीत होता. त्यांच्या खोलीत तर गंगव्वाशिवाय कुणी पाऊल टाकत नसे.

गंगव्वा मागच्या नळावर बसून राजाची दाढी धूत होती. श्रीपतराव शेजारच्या दगडावर बसले आणि त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं. तिनं दाढी पिळली, दोरीवर टाकली, पदराला हात पुसले. जेवणाच्या वेळी ती इथंच होती म्हणाली. कुणी बघितलं? कोण बघणार, सगळे पंगतीत होते. हणमंतप्पा खोटं बोलतो का? तसंही ती म्हणाली नाही. तो भला माणूस हाय, बघितला असंल तर बघितला असंल, पण ती मी न्हवं, एवढंच.

"तुझ्यावर बाई नाराज आहेत असं ऐकलं," श्रीपतराव म्हणाले.

इथं मात्र म्हातारीचा चेहरा उतरला. बरेच दिवस झाले, अक्का माझ्या हातावर खूश नाहीत, असं तिनं सांगितलं. बांधलेला अंबाडा सोडायला लावतात, पुन्हा बांधला की पुन्हा सोडायला लावतात. मागं जा म्हणतात, कंगवा आण म्हणतात, आणला की ठेव म्हणतात. माझे हात थकले, आता त्यांना दुसरी बाई बघायची असंल. तसं तोंडानं त्या म्हणाल्या नाहीत, पण कळतंय की.

झालं. नाराज मालकीण, नोकरी जायची भीती, वर डोळ्यांनी बघणारा साक्षीदार. तानाजीरावांना हे कळलं तर ते घंटेचीही वाट बघणार नाहीत. श्रीपतराव उठू लागले तशी गंगव्वानं त्यांची बाही धरली.

"साहेब, मला काय करायचं ते करा. पण अक्काला आज सांगू नका. आज नवीन पात्र हाय त्यांचं. मन हललं की पात्र हलतंय."

वरून विमानतळाचं एक विमान गडगडत गेलं. ते जाईपर्यंत श्रीपतराव तसेच उभे राहिले. चोर पुष्कळ बघितले होते त्यांनी. तुरुंगात जाताना मालकाच्या पात्राची काळजी करणारा एकही नव्हता.

३

ते पुन्हा हणमंतप्पाकडे आले. या वेळी त्यांनी त्याला विचारलं नाही, करून दाखवायला सांगितलं. पोलिसातली ही त्यांची जुनी पद्धत. माणूस बोलताना चुकतो, पण अंगानं आठवलेलं सहसा चुकत नाही.

हणमंतप्पा लाजला, पण उठला. ओसरीच्या टोकाला गेला. बाहेर लख्ख ऊन, आत अंधार, दोघांच्या मधून आपण गंगव्वाला कसं येताना बघितलं ते त्यानं चालून दाखवलं. पदर पुढं ओढलेला. उजवा पाय मागं राहतोय, फरशीला घासतोय. डाव्या कडेवर गाठोडं, त्याला डाव्या हाताचा वेढा. जेवलीस का गंगव्वा, असं त्यानं विचारलं. कुठलं जेवण रे अप्पा, अजून दाढ्या धुवायच्या हायत, असं ती म्हणाली. आवाज तोच, कुरकुर तीच. मग पाठमोरी निघून गेली, तेव्हाही तोच पाय घासत.

श्रीपतरावांनी त्याला पुन्हा चालायला लावलं. पुन्हा उजवाच पाय. पुन्हा डावीच कड.

मग ते मागच्या अंगणात गेले आणि आडोशाला उभे राहिले. गंगव्वा सुकलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन येत होती. ती डावा पाय ओढत होती. गाठोडं उजव्या कडेवर होतं. साहजिक आहे, पाय डावीकडं दगा देतो तर वजन उजवीकडं घ्यायचं.

तानाजीरावांना त्यांनी हे सांगितलं तर ते वैतागले. डावं काय नि उजवं काय, माणूस घाईत बघतो, चुकत असेल. श्रीपतरावांनी त्यांना विचारलं की गंगव्वाचा अधू पाय कुठला, तुम्हीच सांगा. तानाजीराव उजवा म्हणाले, मग डावा म्हणाले, मग पुन्हा उजवा म्हणाले. तिथं उभ्या असलेल्या आणखी दोघांना विचारलं. त्यांनाही सांगता येईना. वर्षानुवर्षं जिला चालताना बघितलं तिचा कुठला पाय लंगडा हे कुणालाच माहीत नव्हतं. श्रीपतरावांना मनातून शरम वाटली, कारण अर्ध्या तासापूर्वी त्यांनाही माहीत नव्हतं.

"घाईत एक गोष्ट चुकंल," ते म्हणाले. "पाय चुकंल, न्हाईतर कड चुकंल. दोन्ही बरोबर उलटी कशी होतील? आणि त्याला तिचा आवाजसुद्धा बरोबर ऐकू आला. तानाजीराव, हणमंतप्पानं बघितली ती गंगव्वा न्हवती. ती कुणीतरी केलेली गंगव्वा होती."

तानाजीरावांनी आजूबाजूला बघितलं. रंगमंदिर नटनट्यांनी भरलेलं होतं.

४

तसं बघितलं तर गंगव्वा करून दाखवू शकतील अशी माणसं दोनच होती.

पहिले सिद्धप्पा. बाईंच्या समोर जन्मभर नायक केलेला माणूस. बाईंच्या प्रत्येक बक्षिसात अर्धा वाटा आपला, असं ते दोन घोट पोटात गेल्यावर म्हणायचे आणि पोटात काही नसताना मनात म्हणायचे. सत्काराच्या पत्रिकेत त्यांचं नाव खाली, बारीक अक्षरात छापलेलं. राग असायला जागा होती. पण देवानं त्यांना ताडासारखी उंची दिलेली. गंगव्वा त्यांच्या कोपराला लागायची. पदर घेऊन ते हणमंतप्पापुढून गेले असते तर हणमंतप्पा स्टुलावरून पडला असता.

तरी श्रीपतरावांनी त्यांना बाईंबद्दल बोलतं केलं, आणि कुरकुर करता करता म्हाताऱ्याचा आवाज मऊ झाला. पात्र अंगात आलं की ते निघत नाही हो तिच्या, असं ते सांगू लागले. राजाचं नाटक बसवत होतो तेव्हा औरादच्या बाजारात वांगी घ्यायला गेली ती राजासारखीच. छाती काढून, एक हात कमरेवर. वांगीवालीनं घाबरून पावशेर जास्त घातली. आणि गंमत अशी की चंद्रीला यातलं काही ठाऊक नसतं, आपण चंद्रीच आहोत असं तिला वाटतं. एवढं सांगून सिद्धप्पा हसले आणि मग एकदम म्हणाले की अर्धा वाटा वगैरे मी उगीच म्हणतो, तिच्यासमोर उभं राहायला मिळालं हेच पुष्कळ झालं.

दुसरी ज्योती. उदगीरची तरुण पोर, हुशार, बाईंच्या हाताखाली शिकणारी. टीव्हीच्या मालिकेसाठी तिला मुंबईहून बोलावणं आलेलं, पण बाई अजून वर्षभर थांब म्हणत होत्या, त्यावरून दोघींत धुसफूस चाललेली. उंचीनं ती गंगव्वाएवढी, आणि नकला करण्यात पटाईत.

श्रीपतरावांनी तिला सरळच म्हटलं, पोरी, जरा गंगव्वा करून दाखव बघू. ज्योतीनं एक क्षण त्यांच्याकडं बघितलं आणि पदर ओढून चालली. फर्मास चालली. डावा पाय ओढत, उजव्या कडेवर हात धरून. जसा पाहिजे तसा.

तो कसा काय इतका नेमका माहीत, असं विचारल्यावर ती म्हणाली की शिकताना मी जमिनीवर बसलेली असते, गंगूमावशी माझ्या नाकासमोरून ये-जा करते, तिचे पाय मला तोंडपाठ आहेत. मग तिनंही तक्रार केली. हल्ली बाई दार लावून एकट्याच काहीतरी बसवतात. पत्रिकेत 'एक नवे पात्र' एवढंच छापलंय. मलासुद्धा आत घेत नाहीत, कुणाचं पात्र ते सांगत नाहीत.

म्हणजे ज्योती नाही. ज्योतीनं सोंग घेतलं असतं तर ते बरोबर झालं असतं. चोरानं गंगव्वा उलटी केली होती.

बाहेर लोक जमायला लागले होते. हैदराबादच्या गाडीनं उतरलेली मंडळी चहाच्या टपरीवर दिसत होती. श्रीपतराव सिद्धप्पांच्या खोलीत येऊन डोकं धरून बसले. सिद्धप्पा आरशापुढं मिशी चिकटवत होते. मागचं दार उघडलं आणि गंगव्वा गाठोडं घेऊन आत आली, डिंकाची बाटली आणून द्यायला. श्रीपतरावांनी मान वळवली नाही. त्यांना ती सिद्धप्पांच्या खांद्यावरून आरशात दिसली.

उजवा पाय ओढत येत होती. डाव्या कडेवर गाठोडं होतं.

ते ताडकन उठले. आरशात गंगव्वा उलटी दिसत होती, अगदी हणमंतप्पानं सांगितली तशी. रंगमंदिरात एकच माणूस असं होतं की ज्यानं तीस वर्षं गंगव्वाला आरशातच बघितलं होतं.

५

बाईंच्या दारावर त्यांनी बोटानं वाजवलं. आत या म्हणण्याचा रिवाज नव्हता, तरी आवाज आला, "श्रीपतराव का? तुमची पावलं कळतात मला. या."

चंद्रभागाबाई आरशापुढं बसल्या होत्या. साठी उलटलेली, सावळी, हाडापेरानं लहान बाई. रस्त्यात दिसली तर कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही, आणि त्यांना तेच आवडायचं. ओळखू येण्याजोगा चेहरा नटाला अडचणीचा, असं त्या म्हणायच्या.

"नवं पात्र कुणाचं, बाई?"

त्या आरशातच हसल्या. सांगणार न्हाई म्हणाल्या.

"मग मी सांगतो. तुम्ही दुपारी गंगव्वाचं खुंटीवरचं लुगडं नेसलात. सगळे पंगतीत होते. पदर ओढून हणमंतप्पापुढनं गेलात, आणि त्याला दाढ्या धुवायच्या हायत म्हणालात."

बाईंच्या तोंडावर जो आनंद आला तो राज्याच्या पुरस्कारालाही आला नव्हता. पोरीसारख्या त्या स्टुलावर वळल्या. "त्याला कळलं न्हाई? खरंच? वीस वर्षं तो तिला बघतोय, आणि त्याला कळलं न्हाई?"

खरोखर कळलं नाही, असं श्रीपतरावांनी सांगितलं. तुमच्या आजवरच्या समीक्षकांत हणमंतप्पाच मोठा. मग बाई भराभर सांगू लागल्या. जन्मभर राजे केले, राण्या केल्या, एकदा वाटलं आपली गंगव्वा करावी. तिला सांगितलं नाही. आपल्याला कुणी बघतंय हे कळलं की माणूस स्वतःची चाल विसरतो. म्हणून अंबाडा पुन्हा पुन्हा सोडायला लावला, पुन्हा पुन्हा मागं पाठवलं, तिचं येणं-जाणं बघायला. दुपारी परीक्षा घेतली. गंगव्वा म्हटली की कडेवर गाठोडं पाहिजे, तर कपड्यांच्या खोलीत जे हाताला लागलं ते उचललं.

"कसलं गाठोडं?"

"लाल फडक्यातलं. मला वाटलं समया असतील. चांगलं जड होतं, जड होतं म्हणून तर चाल आपोआप आली." त्यांनी कोपऱ्यातल्या घोंगडीकडं बोट केलं.

श्रीपतरावांनी घोंगडी बाजूला केली, फडकं सोडलं. काळ्या ताटावरचे चार चेहरे बाईंकडं बघू लागले. बाईंना काही उमजेना. मग श्रीपतरावांनी खाली बसून, जमेल तेवढ्या हळू आवाजात, सगळं सांगितलं. पडद्याआधी काही सांगायचं नाही हा रिवाज त्यांनी मोडला, कारण पडद्याआधीच जीप येणार होती.

बाई ऐकत राहिल्या. गंगव्वानं अक्काला सांगू नका म्हटल्याचं ऐकून त्यांचे डोळे भरले. ती नोकरी जाईल म्हणून झुरतेय हे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. हिच्याइतकं मी कुणाला बघितलं न्हाई आयुष्यात, आणि हिला वाटतंय मी हिला काढायलेय, असं त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं त्यांना काहीतरी आठवलं.

"पण ती मी हाय हे तुम्हाला कशावरनं कळलं?"

"पायावरनं. तुम्ही उजवा ओढलात."

"उजवाच ओढती ती."

"डावा, बाई. गंगव्वाचा डावा पाय अधू हाय."

बाईंनी आरशात बघितलं. मग आपल्या उजव्या हाताकडं बघितलं, आरशातल्या बाईच्या हाताकडं बघितलं. समोर उभ्या माणसाचं उजवं ते आपल्या डावीकडं येतं, हे मास्तरांच्या समोर बसून शिकलेल्या नटीच्या अंगात मुरलेलं असतं. आरशातली गंगव्वा त्यांनी तशीच उचलली होती, समोरून आल्यासारखी. ती खरी पाठीमागं उभी होती.

"तीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "एकदा बी मी मान वळवून तिच्याकडं बघितलं न्हाई."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

६

तो पोलिसांच्या जीपचा नव्हता, बसवकल्याणच्या रसिकांच्या जीपचा होता. पण तोवर बाई अंगणात पोचल्या होत्या, अर्धा रंग चढलेल्या तोंडानं, ताट छातीशी धरून. मागच्या लिंबाखाली तानाजीराव मोबाईल घेऊन उभे होते आणि त्यांच्यापुढं गंगव्वा, मान खाली घातलेली. बघणारे वीसेक लोक होते. लोक अशा वेळी कुठून जमतात कळत नाही.

"तानाजीराव, चोर मी हाय," बाई म्हणाल्या. "जीप बोलवायची तर माझ्यासाठी बोलवा."

काय घडलं ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, काही न लपवता. पायाची चूकसुद्धा सांगितली. तानाजीरावांनी मोबाईल खिशात घातला आणि गंगव्वापुढं हात जोडले. माणूस घाबरट होता, वाईट नव्हता. हणमंतप्पा तर रडायलाच लागला. गंगव्वाच त्याची समजूत घालू लागली, की तुझं काय चुकलं, अक्काला ओळखायला देव बी चुकंल.

बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तोंडासमोर, आरसा मध्ये न ठेवता. दोघींनाही ते जरा अवघड झालं.

"गंगव्वा, पुढं हो. रंगमंचाच्या दारापर्यंत चाल. मी मागनं येते."

गंगव्वाला ते जमेना. दोन पावलं मागं जाऊन ती पुन्हा बाईंच्या पाठीशी उभी राहायला बघत होती. सवयच ती. शेवटी बाईंनी तिचे खांदे धरून तिला पुढं केलं. मग ती चालली. लिंबापासून ओसरीपर्यंत, ओसरीवरून दारापर्यंत, डावा पाय ओढत, आणि वीस लोक तिच्या दोन्ही बाजूंना सरकून वाट देत होते. बाई मागून येत होत्या, डोळे तिच्या पावलांवर, टाचेवर, पाठीवर. श्रीपतरावांनी बाईंना पुष्कळ नाटकांत बघितलं होतं, पण असं बघताना कधी बघितलं नव्हतं.

सत्कार झाला. हार झाले, भाषणं झाली, गुलबर्ग्याचे समीक्षक लांबलचक आणि छान बोलले. ताट हातात घेऊन बाईंनी ते माथ्याला लावलं आणि फार काही न बोलता आत गेल्या. मग पडदा उघडला.

रंगमंचावर एक रिकामं स्टूल होतं. एक म्हातारी आली आणि त्या स्टुलावर कुणी बाई बसलीय असं धरून तिचे केस विंचरू लागली. जटा सोडवता सोडवता बोलू लागली. घरचं, दारचं, मोडलेल्या पायाचं, आणि आपण कधीच न केलेल्या भूमिकांचं. विंगेत उभं राहून तिनं सगळी नाटकं पाठ केली होती. राणीचं भाषण तिनं कंगवा हातात धरून हळूच म्हटलं, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून मागं वळून बघितलं. हजारभर माणूस बसलेलं, पण खोकल्याचा आवाज नव्हता. चंद्रभागाबाई त्यात कुठंच सापडत नव्हत्या. सिद्धप्पा मिशीवरून ओघळणारं पाणी पुसत होते. ज्योती विंगेत जमिनीवर बसून ओठ दाबत होती.

खरी गंगव्वा श्रीपतरावांच्या शेजारी पडद्याची कड धरून उभी होती. स्वतःला चालताना तिनं जन्मात बघितलं नव्हतं. रंगमंचावरची म्हातारी डावा पाय ओढत, पाठ ताठ ठेवून, मान वर करून स्टुलाभोवती फिरली, तशी गंगव्वा त्यांच्या कानाशी आली.

"पाय बरोबर आला साहेब. पण अक्का चुकल्या. मी एवढं ताठ कुठं चालते?"

"मघाशी लिंबाखालनं निघालीस तेव्हा अशीच चाललीस," श्रीपतराव म्हणाले. "मी बघितलं की."

गंगव्वानं पडद्याची कड सोडली, पदर नीट केला आणि शेवटपर्यंत बघत राहिली.